सोमवारी सकाळचे पहिले लेबल

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी पुण्यातल्या आमच्या चाचणीच्या खोलीतला प्रिंटर सुरू केला, तेव्हा त्याने पहिले लेबल बाहेर दिलेच नाही. मोटर फिरल्याचा आवाज आला, कागद सरकला, आणि बाहेर येण्याऐवजी तो आतल्या रबरी रोलरभोवती गुंडाळत गेला. झाकण उघडले तेव्हा कागदाचे चार-पाच वेढे एकमेकांवर घट्ट बसलेले होते आणि त्यांच्या कडांतून गम बाहेर आला होता. शनिवारी संध्याकाळी आम्ही तो प्रिंटर रोल भरलेल्या अवस्थेत तसाच सोडून गेलो होतो. वातानुकूलन बंद होते, आणि दोन रात्री व एक पूर्ण दिवस तो कागद थर्मल हेड, म्हणजे उष्णतेने छपाई करणारा भाग, व रोलर यांच्यामध्ये दाबलेला, एकाच जागी थांबलेला होता. त्याआधीच्या आठवड्यात याच यंत्रावर आम्ही हजारो लेबले सलग छापली होती आणि एकदाही अडथळा आला नव्हता. चिकटपणाच्या आमच्या सगळ्या चाचण्या चालत्या यंत्रावर झाल्या होत्या आणि दोष मात्र थांबलेल्या यंत्रात होता, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा नीट समजले.

हे लेबल नेहमीचे नव्हते. मॉलमधल्या वजनकाट्यातून निघणारे किंवा कुरिअरच्या खोक्यावर लावलेले नेहमीचे लेबल मागे एक गुळगुळीत कागद घेऊन येते. त्याला कोणी बटर पेपर म्हणतात, कोणी सिलिकॉन पेपर, आणि आमच्या धंद्यात त्याला लायनर म्हणतात. लेबल सोलून घेतले की लायनरचे काम संपते. आमच्या लेबलाला हा लायनरच नव्हता; अशा लेबलाला लायनरलेस म्हणतात. स्टँटन एव्हरी यांनी 1935 मध्ये लॉस एंजेलिस येथे अशी स्वयंचिकट लेबले बनवण्यास सुरुवात केली. त्याआधी लेबलाच्या पाठीला वाळलेला डिंक असे आणि तो पाण्याने भिजवावा लागे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली टपाल तिकिटे जिभेवर किंवा ओल्या स्पंजावर फिरवून पाकिटावर लावलेल्या पिढीला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. वाळलेला डिंक यंत्राला त्रास देत नाही, कारण पाणी लागेपर्यंत तो चिकटतच नाही. स्वयंचिकट लेबलाचा गम मात्र जन्मापासून ओला असल्यासारखा वागतो, आणि त्याला यंत्रापासून दूर ठेवण्याचे काम लायनर करत असतो.

हा लायनर चौरस मीटरला साधारण 60 ग्रॅम वजनाचा, दाबून काचेसारखा गुळगुळीत केलेला कागद असतो आणि त्यावर सुमारे एक ग्रॅम सिलिकॉनचा थर असतो. या थरामुळेच त्याचा लगदा करून पुन्हा कागद बनवणे अवघड जाते. ज्या गोदामात दिवसभर मालाला लेबले लागतात, तिथे संध्याकाळी लायनरच्या भेंडोळ्यांचा ढीग साचतो, आणि त्यावरून पाय घसरतो तो वेगळाच. म्हणून लायनर काढून टाकण्याची कल्पना मला मनापासून योग्य वाटते. त्यात सिलिकॉनचा थर लेबलाच्या छपाईच्या बाजूवरच देतात. रोल गुंडाळताना एका वेढ्याचा गम खालच्या वेढ्याच्या सिलिकॉनवर बसतो आणि उलगडताना सुटून येतो. उष्णतेने काळा होऊन छापला जाणाऱ्या थर्मल कागदावर हे करणे नाजूक काम असते, कारण सिलिकॉन पक्का करण्यासाठी जास्त उष्णता दिली तर कागदच काळा पडतो. त्यामुळे अतिनील प्रकाशाने किंवा कमी तापमानाला पक्के होणारे सिलिकॉन वापरावे लागते. असे लेबल कसे ओळखायचे, याची साधी खूण म्हणजे त्याच्यावर शाईच्या पेनाने लिहिता येत नाही. शाई थेंबाथेंबाने गोळा होते. हव्या त्या लांबीचे लेबल कापता येते आणि तेवढ्याच व्यासाच्या रोलमध्ये जास्त लेबले मावतात, हे त्याचे आणखी दोन मोठे फायदे.

प्रिंटर बनवणाऱ्यासाठी मात्र चित्र उलटे होते. इतके दिवस लायनरआड असलेला गम आता रोलर, मार्गदर्शक पत्रे, सेन्सर आणि कटरचे पाते या सगळ्यांवरून उघडा जातो.

मी या कामाला लागले तेव्हा माझी समजूत अशी होती की ज्याला काहीच चिकटत नाही असा पृष्ठभाग शोधला की प्रश्न सुटेल. पहिल्या नमुन्यात मी कागदाच्या वाटेतल्या सगळ्या पत्र्यांवर टेफ्लॉनची पट्टी लावली होती, कारण पृष्ठभाग-ऊर्जेच्या, म्हणजे पृष्ठभागाला दुसरा पदार्थ किती धरून बसेल याच्या, तक्त्यात टेफ्लॉन सर्वांत खाली असते. सुरुवातीला कागद छान सरकला. मग एका दुपारी यंत्र तासभर थांबले आणि कागद टेफ्लॉनलाच धरून बसला. त्याच जागी सिलिकॉनचा लेप दिलेला पत्रा लावला तेव्हा कागद सुटला, आणि तक्त्यात तर सिलिकॉन टेफ्लॉनच्या वर आहे. हे कोडे मला बरेच दिवस सुटत नव्हते. उत्तर 1995 मध्येच ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आलेले होते. बी-मिन झांग न्यूबी, मनोज चौधरी आणि ह्यू ब्राउन यांनी दाखवले होते की चिकट पट्टी सिलिकॉनवरून सोलताना गम पृष्ठभागावर किंचित घसरतो, तर फ्लोरिनयुक्त थरावर तो जागचा हलत नाही. जागेवर अडकलेला गम सोलताना ताणला जातो आणि त्या ताणण्यात बरीच शक्ती खर्च होते. घसरणारा गम तसा ताणलाच जात नाही, म्हणून तो कमी बळात सुटतो. सिलिकॉनच्या साखळ्या लवचीक आणि हालत्या असतात, त्यामुळे हे घडते. केवळ पृष्ठभाग-ऊर्जेचा आकडा पाहून साहित्य निवडणे मी तेव्हापासून सोडून दिले.

परंतु सिलिकॉननेही सोमवारची सकाळ टळली नाही, आणि त्याचे कारण गमाच्या स्वभावात आहे. लेबलाचा गम धड द्रवही नसतो आणि धड घनही नसतो. झटकन ओढले तर तो रबरासारखा वागतो, आणि वेळ दिला तर दाट काकवीसारखा वाहतो. चिकटपट्ट्या बनवणाऱ्या 3एम या अमेरिकी कंपनीत काम केलेले कार्ल डाह्लक्विस्ट यांच्या नावाने एक निकष प्रसिद्ध आहे. त्यानुसार पदार्थाची ताठरता सेकंदाच्या मापात साधारण 3 लाख पास्कलपेक्षा कमी असेल, तरच तो स्पर्शाला चिकट लागतो. त्याहून ताठर पदार्थ समोरच्या पृष्ठभागाच्या खाचखळग्यांत उतरू शकत नाही. उतरण्यासाठी गमाला दाब हवा, ऊब हवी आणि वेळ हवा. लेबलांच्या प्रमाणित चाचण्यांतही ही गोष्ट मान्य केलेली आहे. फिनॅट या युरोपीय संस्थेच्या पहिल्याच पद्धतीत पट्टी काचेवर लावून ती 180 अंशांत, मिनिटाला 300 मिलिमीटर वेगाने सोलतात, आणि हे मोजमाप लावल्यापासून 20 मिनिटांनी व 24 तासांनी असे दोनदा घेतात. पोळपाटावर लाटलेली पोळी लगेच उचलली तर सहज येते आणि फोन घ्यायला गेलेली बाई परत येईपर्यंत तीच पोळी लाकडाला धरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या दोन मोजमापांचा अर्थ चटकन कळेल.

थर्मल प्रिंटरमध्ये हेड आणि रोलर यांची जी मिठी असते, तिथे दाब, ऊब आणि वेळ हे तिन्ही एकत्र येतात. हेडवर एका ओळीत बारीक तापणारे ठिपके असतात. नेहमीच्या यंत्रात मिलिमीटरला 8, म्हणजे 104 मिलिमीटर रुंदीच्या हेडवर 832 ठिपके. कागदाला काळे करायचे तर तो प्रत्येक ठिपक्याला नीट टेकला पाहिजे, म्हणून खालून रबरी रोलर त्याला स्प्रिंगच्या जोराने दाबून धरतो. हाच रोलर कागद पुढे ओढतो. म्हणजे त्याला कागदावर पकड हवी, आणि गमावर पकड बसता कामा नये. या रोलरवर आमचे सहा महिने गेले, आणि मला त्याविषयीच सगळ्यांत जास्त सांगायचे आहे.

पहिला उपाय सर्वांना सुचतो तोच: रोलर सिलिकॉन रबराचा करायचा आणि त्यावर गोल खाचा पाडायच्या, म्हणजे गमाला टेकायला जागाच कमी उरते. खाचा जितक्या रुंद, तितका कागद लवकर सुटतो. पण खाचेच्या वर कागदाला खालून आधार नसतो. तिथे दाब कमी पडतो आणि छपाईत कागदाच्या लांबीच्या दिशेने फिकट रेघ उमटते. अक्षरे फिकट झाली तरी माणूस वाचू शकतो; बारकोडचे तसे नसते. बारकोडच्या रेघा कागदाच्या चालीच्या दिशेने, कुंपणाच्या काठ्यांसारख्या छापल्या असतील, तर अशी एक फिकट रेघ एखादी बारीक काठी वरपासून खालपर्यंत पुसून टाकू शकते, आणि मग स्कॅनर कुठूनही फिरवला तरी कोड वाचला जात नाही. तोच कोड शिडीच्या पायऱ्यांसारखा आडवा छापला तर फिकट रेघ सगळ्या पायऱ्यांना एका ठिकाणी छेदते आणि बाजूचा भाग वाचता येतो. ग्राहकाला मात्र ‘तुमचा बारकोड आडवा फिरवा’ असे सांगता येत नाही, कारण त्याच्या पाकिटावर जागा ठरलेली असते.

मग आम्ही स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरप्या खाचा करून पाहिल्या. रोलर फिरतो तशी खाचेची जागा सरकत जाते, त्यामुळे फिकटपणा एका रेघेत साचत नाही, पसरतो. छपाई खरोखरच सुधारली. पण रोलरला चिकटून वर जाऊ पाहणाऱ्या लेबलाला सोडवण्यासाठी आम्ही बारीक बोटांसारख्या पट्ट्या लावलेल्या होत्या. त्या खाचेत बसूनच काम करतात, आणि तिरप्या खाचेत स्थिर बोट राहू शकत नाही. दोन्ही चांगल्या गोष्टी एका रोलरवर नांदेनात. व्यास कमी करून पाहिला. बारीक रोलरच्या वळणाबरोबर ताठ कागदाला वळता येत नाही, तो आपोआप सुटून सरळ बाहेर येतो. पण बारीक रोलर हेडच्या दाबाखाली मध्यभागी किंचित वाकतो आणि लेबलाच्या मधल्या पट्ट्यात छपाई फिकट पडते. शेवटी आम्ही मधल्या व्यासाचा रोलर घेतला, त्यावर अरुंद आणि दाट गोल खाचा ठेवल्या, आणि बोटांसाठीच्या रुंद खाचा फक्त दोन्ही कडांजवळ दिल्या, जिथे लेबलाच्या मांडणीत तसाही समास सोडलेला असतो. लेबलाचे दोन्ही कोपरे सुटले की मधला भाग त्यांच्या मागोमाग येतो. ही युक्ती मला आमच्या वर्कशॉपमधल्या ज्येष्ठ फिटरकाकांनी दाखवली. त्यांनी एका हातात लेबल धरले, कोपऱ्याला नख लावले आणि म्हणाले, “ताई, सोलायला कोपरा लागतो, मध्यभागाने कधी काही सुटत नाही.”

पत्र्यांचा प्रश्न त्या मानाने लवकर मिटला. सपाट पत्रा काढून तिथे उभ्या कडांच्या पातळ पट्ट्या ठेवल्या, म्हणजे कागद पाच-सहा रेषांवरच टेकतो. जिथे पत्रा टाळता येत नव्हता तिथे आधी खडबडीत थर फवारून त्यावर सिलिकॉनचा लेप दिला. नुसता खडबडीतपणा घातक ठरतो, हे इथे आवर्जून लिहिते: गमाला वेळ मिळाला तर तो उंचवट्यांमधल्या खळग्यांत उतरतो आणि गुळगुळीत पत्र्यापेक्षाही घट्ट बसतो.

कटरचे तसे नाही. गिलोटिनसारखे पाते प्रत्येक कापाला गमातून जाते आणि दर वेळी कणभर गम सोबत घेते. शंभर कापांनी काही दिसत नाही. काही हजार कापांनंतर पात्याच्या धारेमागे राखाडी रंगाची शेवई तयार होते, त्यात कागदाची धूळ मिसळते, आणि एक दिवस कापलेले लेबल पात्यालाच लटकून वर जाते. पात्यावर लेप देऊन ही वेळ लांबवता येते. सिलिकॉन तेलात भिजवलेला नमद्याचा तुकडा पात्याला दर फेरीत पुसत राहिला तर ती आणखी लांबते, पण तेल जास्त झाले तर ते लेबलाच्या गमावर जाते आणि मग लेबल डब्याला चिकटत नाही. ज्या ग्राहकाला एकाच लांबीची लेबले लागतात, त्याच्यासाठी कापाच्या जागी गम न लावलेला पट्टा ठेवता येतो. लांबी बदलती असेल तर तो मार्ग बंद होतो. छोट्या यंत्रांसाठी मी कटरऐवजी दातेरी पट्टी सुचवते. माणूस लेबल हाताने फाडतो तेव्हा हाताचा कोन दर वेळी थोडा वेगळा असतो, आणि गम एकाच जागी साचत नाही.

छपाईची ओळ आणि कापाची ओळ यांच्यात काही मिलिमीटरचे अंतर असते. नेहमीचा प्रिंटर कापल्यावर कागद तेवढाच मागे ओढतो, म्हणजे पुढच्या लेबलाच्या डोक्याशी कोरी जागा वाया जात नाही. लायनरलेस कागदात नुकतीच कापलेली, गम लागलेली कड मागे ओढणे म्हणजे तिला पात्याच्या खाचेत आणि रोलरच्या पोटात पाठवणे. आम्ही मागे ओढणे पूर्ण बंद केले आणि वरचा कोरा समास स्वीकारला. विक्री विभागाला हे आवडले नाही आणि त्यावर बऱ्याच बैठका झाल्या. कागद वाचवण्याचा आग्रह चुकीचा नव्हता, पण दुकानदाराचे यंत्र गर्दीच्या वेळी अडले तर वाचलेल्या मिलिमीटरांचा त्याला काय उपयोग, हा माझा मुद्दा शेवटी मान्य झाला.

आता पुन्हा थांबलेल्या यंत्राकडे येते. यंत्र चालू असून नुसते मोकळे असेल तर उपाय सोपा आहे. ठरावीक वेळाने कागद थोडा पुढे सरकवायचा, म्हणजे कोणतीही एक जागा दाबाखाली फार वेळ राहत नाही. थोडा कागद जातो, तो जाऊ द्यावा. रात्रीचे काय करायचे, हा खरा प्रश्न होता. आमच्या आराखड्यात बंद करण्याचे बटण दाबले की मोटर आधी हेड वर उचलेल आणि मग वीज तुटेल, अशी व्यवस्था होती, आणि कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्ष पाहण्यासाठी मी एका किराणा दुकानात रात्री दुकान बंद होईपर्यंत थांबले. मालकाने गल्ला मोजला, शटर अर्धे खाली ओढले आणि भिंतीवरच्या बोर्डाचा मेन स्विच पाडला. काटा, फ्रिजवरचा दिवा, पंखा आणि प्रिंटर एकदम बंद झाले. आमच्या बटणाला त्याने हातही लावला नाही, आणि त्याने तो का लावावा?

मग हेड उचलण्याची शक्ती यंत्राच्या आतच साठवावी लागली. आता एक मोठा कपॅसिटर दिवसभर भरलेला राहतो आणि वीज गेल्याचे कळताच तो छोट्या मोटरला एवढी शक्ती देतो की एक कॅम, म्हणजे फिरताना वरचा भाग उचलणारी चकती, अर्धा फेरा फिरतो आणि हेड केसभर वर येते. कागद रोलरवर टेकलेला राहतो, पण त्याच्यावरचा दाब जातो. त्याच दुकानात काम करणाऱ्या मुलाकडून मला आणखी एक गोष्ट कळली. जुन्या प्रिंटरचा रोलर चिकट झाला की तो ब्लेडने खरवडत असे, कारण रोलर बाहेर काढायला लागणारा स्क्रू-ड्रायव्हर दुकानात नव्हता. ब्लेडचा एक ओरखडा सिलिकॉन रबरावर पडला की गमाला कायमचे घर मिळते. त्या मुलाच्या अंगठ्यावरही ब्लेडचे वण होते. आमच्या यंत्रात आता रोलर दोन हिरव्या खिट्ट्या दाबून हाताने निघतो आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून परत बसतो. या बदलासाठी खर्च वाढला, आणि तो वाढवण्यासाठी मी जितकी भांडले तितकी दुसऱ्या कशासाठीही भांडले नाही.

काही सहकारी म्हणतात की गमच सौम्य घ्यावा. 3एममध्ये स्पेन्सर सिल्व्हर यांनी 1968 मध्ये बारीक गोळ्यांच्या रूपातला हलका गम तयार केला, आणि त्याच तत्त्वावर चालणारी, लावून काढता येणारी लेबले आज चहा-कॉफीच्या पेल्यांवर आणि जेवणाच्या पार्सलांवर दिसतात. तिथे तो गम उत्तम आहे. शीतकपाटातल्या दमट पिशवीवर किंवा खोक्याच्या खरखरीत पुठ्ठ्यावर मात्र तो टिकत नाही, आणि आमचे ग्राहक बहुतेक तसेच आहेत.

सध्या दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोन प्रिंटर रोल भरून 45 अंश सेल्सिअसच्या कपाटात ठेवतो आणि बटण न दाबता भिंतीवरचा स्विच पाडतो. सोमवारी सकाळी वीज चालू करून पहिले लेबल मागतो. गेल्या सोमवारी दोन्ही यंत्रांनी ते दिले. बारकोड पहिल्याच झटक्यात वाचला गेला. लेबलाच्या पाठीवर रोलरच्या अरुंद खाचांचे बारीक ठसे एकसारखे उमटले होते आणि दुसऱ्या यंत्राच्या लेबलाची लांबी ठरल्यापेक्षा थोडी कमी भरली, म्हणजे सुरुवातीला कागद क्षणभर धरून ठेवला गेला आणि मग सुटला. तो क्षण नेमका कुठे जातो, रोलरवर की त्याच्या अलीकडच्या पट्टीवर, हे पाहण्यासाठी या शनिवारी आम्ही पट्टीच्या कडांवर रंगीत पूड लावून कपाट बंद केले आहे.